ज्याचं ओझं त्याच्या गाडीत

ग्लेनिस हॅबरफील्डला 'नाही' म्हणता येत नाही, हे आमच्या बिलारू गावातल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं. उभं आयुष्य तिनं शाळेची बस चालवली. कुणाची बॅट राहिली, कुणाच्या आजीचं औषध शहरातून आणायचं राहिलं, की टाक बसमध्ये. नोकरी संपली, नवरा कीथ गेला, सवय मात्र जाईना. मी मॉरीन, तिची शेजारीण. बेकरी चालवते, आणि ती बंद असली तरी तोंड चालू असतं.

दर वर्षी जुलैत, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियातल्या ऐन थंडीत, आमचा गाड्यांचा क्लब वाळवंट पार करायला निघतो. एकामागे एक गाड्या, प्रत्येकीच्या नाकावर उंच काठीला झेंडा, म्हणजे टेकडीपलीकडून येणाऱ्याला दिसावं. रात्री कॅनव्हासच्या वळकटीत उघड्यावर झोपायचं. पण सगळी इज्जत पणाला लागते ती बिग नॅनवर. ही लाल वाळूची थोरली टेकडी. पहिल्या दमात चढला तो वर्षभर कॉलर ताठ करून हिंडतो, आणि रुतला त्याला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

ग्लेनिस ओळीनं तीन वर्षं रुतली होती. निम्म्यावर गेली की तिची पांढरी पिकअप कण्हायची आणि चाकं वाळूत खड्डा करायची. मग आमचा म्होरक्या लायल स्टॅथम पट्टा बांधून तिला ओढायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं रेडिओवर विचारायचा, "काय बसवाल्या बाई, पुढचा स्टॉप कुठला?" लोक खिदळायचे. माझं डोकं फिरायचं.

या वर्षी तर त्यानं मीटिंगमध्येच बॉम्ब टाकला. "ग्लेनिस, राग मानू नकोस, पण यंदा रुतलीस तर पुढल्या वर्षीपासून गाडी घरी. तू आपली माझ्या मागच्या सीटवर बस, मजेत ये." आणि माना काय डोलावल्या मेल्यांनी!

तिकडे ॲडलेडला तिची मुलगी कॅरन टपूनच बसली होती. आई एकटीनं गाडी हाकत वाळवंटात जाते म्हणून तिच्या जिवाला घोर. पिकअपला गिऱ्हाईकही बघून ठेवलेलं. आई आणखी एकदा रुतली, की विकायला निमित्त आयतंच मिळणार.

दुसऱ्या दिवशी ग्लेनिस बेकरीत आली. मी दिलेला गरम पॅटिस पुढ्यात तसाच गार होत पडला होता. "मो," ती म्हणाली, "त्या गाडीत मी चालवणारी असते गं. ती गेली की मी नुसती कुणाची तरी आई उरणार. दुसऱ्याच्या मागच्या सीटवर सँडविचचा डबा धरून बसलेली."  मला इतकं वाईट वाटलं की मी दुकानाला कुलूपच लावलं आणि तिच्याजवळ बसून राहिले.

निघायच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे ताडपत्री असते. फुटबॉलच्या मैदानावर प्रत्येकानं आपली गाडी पार रिकामी करायची, सगळं सामान गवतावर ताडपत्रीवर मांडायचं. बाकीचे हात मागे बांधून फिरतात आणि बोट दाखवतात: हे कशाला? ते कशाला? उत्तर देता आलं नाही तर वस्तू घरी जाते.

ग्लेनिसची ताडपत्री मैदानातली सगळ्यात मोठी. लायल आलाच, कंबरेवर हात ठेवून. "अगं, बाजार उठवून आणलायस की काय? घर शिल्लक आहे का मागे?"

ग्लेनिस ताडपत्रीवर वाकली. तिनं आपलं आपणच एक गणित काढलं होतं. एकेक वस्तू उचलायची आणि स्वतःला विचारायचं: गेल्या वर्षी ही कुणाच्या हातात होती?

फावडं तिच्या हातात. हवेचा पंप तिच्या हातात. ओढायचा पट्टा, पाण्याचे कॅन, झाकणाचं एक लोखंडी भांडं, किटली, वळकटी, सगळं तिचंच. मग आला तंबूतला घडीचा संडास. ती थबकली. "मो, मी तर फावडं घेऊन टेकडीआड जाते. हा कोण वापरतं?"

"ट्रिश!" मी पलीकडच्या ताडपत्रीकडे बोट दाखवलं.

"आणि ही लाकडं?" वाळवंटात सरपण तोडायची मनाई, म्हणून घरूनच न्यावं लागतं. तिच्या टपावर गाडाभर ओंडके लादलेले असायचे. "रात्री शेकोटीजवळून हलत नाही तो डॅरल. मी तर जेवले की झोपते."

मग तिनं बार्बेक्यूची ती जाडजूड लोखंडी प्लेट उचलायला घेतली. आम्हा दोघींना ती जेमतेम हलली. प्लेट लायलची. जादा सिलिंडर लायलचा. गोल फोल्डिंग टेबल, तेही लायलचं. तीन वर्षं ही बाई अख्ख्या क्लबचं बिऱ्हाड टपावर घेऊन ती टेकडी चढत होती आणि वर शिव्याही तीच खात होती! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. मी बोंब ठोकणार होते, पण ग्लेनिसनं माझा दंड धरला.

ती शांतपणे ढकलगाडी घेऊन आली. संडास ट्रिशच्या ताडपत्रीवर. ओंडके डॅरलच्या. आणि प्लेट, सिलिंडर, टेबल थेट लायलच्या पायाशी.

"अगं, पण ही प्लेट तर सगळ्यांची!" लायल म्हणाला.

"हो ना? मग सगळ्यांच्या म्होरक्याच्या गाडीत शोभेल."

"पण तुझ्याकडे जागा असते!"

"असायची," ग्लेनिस म्हणाली. "आता नाही देणार."

 ट्रिश मुकाट्यानं संडासाची घडी घालायला लागली.

पण खरी परीक्षा पुढेच होती. ताडपत्रीवर कीथची हत्यारांची पेटी उरली होती, लोखंडी, मणाची. ग्लेनिस तिच्यासमोर गुडघ्यावर बसली. कीथ गेल्यापासून ती पेटी प्रत्येक सफरीला जायची आणि एकदाही उघडली जायची नाही. तिनं झाकण काढलं. पिकअपला लागतील तेवढेच पाने निवडले, एक पक्कड, एक हातोडी घेतली, आणि सगळं जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून सीटखाली सारलं. "पेटी घरी राहील," ती म्हणाली. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मी पण रडले, लपवू कशाला?

बिग नॅनपाशी पोचलो तेव्हा सकाळचं ऊन वाळूवर पसरलं होतं. सगळ्यांनी टायरमधली हवा उतरवली. चाक पसरट झालं की वाळूवर तरंगतं. म्होरक्या आधी, म्हणून लायल निघाला. टपावर प्लेट, सिलिंडर आणि टेबल. डॅरलकडे मावले नाहीत म्हणून निम्मे ओंडकेही यानंच मोठेपणानं घेतलेले. निम्म्यापर्यंत गाडी जोरात गेली, मग डुलली, मग बसली. उलटा खाली आला, पुन्हा गेला, पुन्हा बसला. शेवटी उलटा खाली येऊन बाजूला उभा राहिला.

"आता मी," ग्लेनिस रेडिओवर म्हणाली.

मी तिच्या शेजारी.  "ग्लेनिस, मी उतरू का? मीही काही पिसासारखी नाही."

"बस गप. तू माझ्या हिशोबात आहेस."

गाडी लांब मागे नेली, खालचा गिअर टाकला आणि सोडली. निम्मा चढ आला. दर वर्षी इथेच घोडं अडायचं. इंजिन घुमलं, मागचं चाक किंचित सरकलं. ग्लेनिसनं ना पाय उचलला ना दाबला, तसाच धरला. समोर नुसतं निळं आभाळ. आणि मग अगंबाई, नाक खाली झुकलं! आम्ही वर होतो! मी अशी किंचाळले की खाली लोकांना वाटलं अपघातच झाला.

ती उतरली, वाळूत उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून हसत सुटली. मी तिला एवढी हसताना कधी पाहिलीच नव्हती.

खाली लायलनं सामान उतरवलं आणि रिकाम्या गाडीनं कसाबसा वर आला. मग पुरुषमंडळींची रांग लागली, खांद्यावर ओंडके घेऊन टेकडी चढणारी. सगळ्यात शेवटी लायल आणि डॅरल, दोघांच्या मध्ये ती प्लेट, चार पावलं टाकली की टेकवायची. वर पोचल्यावर लायल तिच्यावरच बसला. ग्लेनिसनं त्याच्या हातात चहाचा मग दिला.

धाप ओसरल्यावर तो म्हणाला, "इथून पुढं तू पुढं हो." माणूस कबूल करायला कंजूष नाही, एवढं मात्र मला म्हणावं लागेल.

उरलेलं वाळवंट ग्लेनिसनं पुढे राहून पार केलं. पलीकडच्या पहिल्या पेट्रोल पंपावर फोन लागला. तिनं आधी कॅरनला लावला. कॅरनचा आवाज मलाही ऐकू येत होता. "आई, बरी आहेस ना? आणि हे बघ, ते गिऱ्हाईक पुन्हा आलं होतं. काय सांगू त्याला?"

"सांग, मालकीण गाडी चालवतेय," ग्लेनिस म्हणाली. "आणि पुढल्या जुलैत तू पण ये. पिशवी एकच आणायची, आणि ती तुझ्या मांडीवर."