उष्टा धूर आणि दसऱ्याचं कुंकू

मी घाबरट आहे. घाबरले की मला राग येतो आणि राग आला की हात चालायला लागतात. सिंटर प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये मी टिकले ती याच्यामुळेच, असं आमचे हे म्हणतात. हे तिथेच फिटर आहेत.

आमच्याकडे लोखंडाच्या खनिजाचा भुगा, कोकची भुकटी आणि चुना कालवून सरकत्या जाळीवर पसरतात, वरून पेटवतात आणि खालून पंख्यानं हवा ओढतात. भाजून त्याची ढेकळं होतात, ती भट्टीत जातात. ओढलेला धूर पूर्वी सगळाच्या सगळा चिमणीतून जायचा आणि दुपारी खाडीवरून वारा सुटला की थेट आमच्या गावावर यायचा. मग कंपनीनं मोठा पाइप टाकला. जाळीवर लांबलचक झाकण बसवलं, त्याला हूड म्हणतात. बराचसा धूर फिरवून त्या हुडाखाली आणायचा आणि पुन्हा त्याच भाजणाऱ्या थरातून ओढायचा. जळायचं राहिलेलं तिथे जळतं, कोक वाचतो, चिमणीतून कमी बाहेर पडतं. साहेब लोक त्याला रिसर्क्युलेशन म्हणत. आमच्या माणसांनी पहिल्याच आठवड्यात नाव पाडलं, उष्टा धूर.

सासूबाईंना दमा. धूर कमी झाला तशा त्या अंगणात पुन्हा पापड घालायला लागल्या. "तुमच्या कंपनीला उष्टा खायची अक्कल आली, बरा झाला गो," म्हणाल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण त्या नावानं घात केला. उष्टं म्हणजे एकदा वापरलेलं, दम गेलेलं, असं माणसांच्या डोक्यात बसलं. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. माणसाला नुसती गुंगी येते. हुडाच्या कडेला फटी बुजवायला पट्ट्या असतात. त्या सैल झाल्या की धूर बाहेर झिरपतो, आणि त्या आवळायला जाणारा माणूस म्हणजे माझा नवरा. छातीला गॅसचा मीटर लावून जायचा. गॅस लागला की तो टिवटिवतो, म्हणून सगळे त्याला पोपट म्हणतात. असाच एक मोठा पोपट हुडाजवळच्या खांबावर कायमचा बसवलेला आहे, त्याचा आकडा माझ्या स्क्रीनवर दिसतो.

खंडेनवमीला प्लांटमध्ये अवजारांची पूजा झाली. पान्हे, घण, मोटारी, माझा कीबोर्डसुद्धा. यांनी मला फोटो पाठवला होता. खांबावरचा पोपट, यांच्या छातीवरचा पोपट, दोघांना झेंडूचं फूल आणि पाण्यात कालवलेलं हळदकुंकू. खाली लिहिलं होतं, "आपला जीव राखतो, त्याला पयला मान." मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि विसरले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर हे कामातल्या जोडीदाराला घेऊन पट्ट्या आवळायला वर हुडाजवळ गेले. मी स्क्रीनकडे बघत होते. हुडाजवळचा आकडा शून्य. वा, म्हटलं, आज हवा छान आहे. परत बघितलं, शून्य. अगं बाई! तिथे आकडा कधी स्वस्थ बसतच नाही. थोडा वर, थोडा खाली, सारखी चुळबूळ चालू असते. आज मेल्यासारखा पडून होता. आणि मला फोटो आठवला. पोपटाच्या नाकावर, जिथून त्याच्यात हवा शिरते त्या बारीक जाळीवरच, यांनी बोट भरून कुंकू लावलं होतं. ओलं लावलेलं, आता वाळून पापुद्रा झालेलं. छातीवरच्याला पण तसंच.

वॉकीटॉकी उचलली. "हूड फिटर, हूड फिटर, खाली या." उत्तर नाही. पुन्हा बोलावलं. खरखर नुसती. यांचं नाव मी कधी घेतलेलं नाही, उखाण्यातही अडखळले होते, आणि त्या वेळीही तोंडात आलं ते दुसरंच. "अहो! अहो, ऐकताय ना? बोला ना काहीतरी!" सगळ्या प्लांटनं ते ऐकलं. दोघा-तिघांनी "काय झालं मॅडम?" विचारलं. ज्यांनी बोलायचं ते बोलले नाहीत.

शिफ्टचे साहेब धावत आले. मी सांगितलं, उष्टा धूर बंद करते, सगळा चिमणीला सोडते.

"अहो, आकडा शून्य आहे. मग प्रॉब्लेम काय?"

"शून्य आहे हाच प्रॉब्लेम आहे, साहेब!"

"चिमणीचा आकडा केवढा वर जाईल! आणि वारा गावाकडे आहे."

माहीत होतं. गाव माझंच होतं. सासूबाई या वेळी अंगणात असतात हेही माहीत होतं. तरी मी बटण दाबून झडप फिरवली. साहेब काही म्हणायच्या आत त्यांनाही ओरडले, "मास्कवाली माणसं वर पाठवा आधी!" खिडकीतून चिमणी दिसत होती. पांढुरकी होती ती बघता बघता काळवंडली.

वर हे कठड्याला टेकून बसले होते, पान्हा मांडीवर. जोडीदाराला उठायचं होतं पण पाय उचलत नव्हते. दोघांना खाली आणून ऑक्सिजन लावला. मी दवाखान्याच्या खोलीत पोचले तेव्हा यांचे डोळे उघडे होते. "एवढी कशाला वराडत व्हतीस?" म्हणाले. मला इतका संताप आला की रडूच कोसळलं. सेफ्टीवाल्यानं यांच्या पोपटापुढे चाचणीचा गॅस धरला. गप्प. जाळी काढून नवी घातली, तसा तो टिवटिवायला लागला आणि थांबेचना. हे हळूच म्हणाले, "आपलाच पोपट झाला."

संध्याकाळी घरी आलो. अंगणात पापड तसेच पडलेले, त्यांच्यावर काळी पूड. सासूबाई ओटीवर वाफेचं मशीन तोंडाला लावून बसलेल्या, खांदे वर-खाली होत होते. मुलाला काय झालं ते त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मास्क बाजूला केला.

"आज कुनी गो सोरला धूर एवरा?"

"मी सोडला, आई," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. कुंकवाचं, शून्याचं, कठड्याला टेकून बसल्याचं. हे मागे उंबऱ्यात मान खाली घालून उभे होते. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत. खोकल्याची उबळ आली, ती जाऊ दिली.

"मंग आजून सोराचा व्हता," म्हणाल्या, आणि मास्क परत तोंडाला लावला.