सुरतेला नेलेली साडी

तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने अमळनेरहून सुरतेला साडी नेली. होय, सुरतेला! पिशवीतून डोकावणारी ती साडी पाहून पॅसेंजरमधल्या मंडळींनी नंदुरबारपर्यंत माझी यथेच्छ थट्टा केली. "काका, येताना सुरतेहून केळी आणा!" एकाने सुचवलं.

दोष माझ्या बायकोचा. तिचा धाकटा भाऊ सुकलाल सुरतेत गोडादऱ्याला राहतो, यंत्रमागावर काम करतो. एसटीडी बूथवरून तो "हात खराब झाले" एवढंच बोलला आणि फोन तुटला. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून बायकोने त्याच्या बायकोसाठी साडी घेतली आणि मला गाडीत बसवलं.

सुकलाल दारातच हसला. "दाजी, सुरतमा साडी लई ऊनात?" (सुरतेत साडी घेऊन आलात?) कौतुकाने त्याने साडीवर हात ठेवला. उचलला, तर साडीही वर आली. तळव्याच्या भेगांत धागे अडकले होते. वहिनींनी खाली मान घालून एकेक सोडवला. 

महिन्यापूर्वी लूम बंद होते, तेव्हा तो मुकादमाबरोबर समुद्रकाठी मजुरीला गेला होता. जहाजातलं तेल सांडून किनारा काळा झाला होता. साड्यांच्याच चिंध्या घेऊन, उघड्या हातांनी ते पुसायचं आणि संध्याकाळी रॉकेलने हात धुवायचे. आधी डोकं गरगरायला लागलं, मग तळवे सोलले. डॉक्टरांनी मलम दिलं. मागाचे शेठ म्हणाले, "साडीवरून हात फिरव. धागा ओढला नाही, तर कामावर ये."

दुसऱ्या दिवशी त्याने मला तो किनारा दाखवला. वाळू उकरली की अजून काळं निघत होतं. जाळं सांधणाऱ्या एका म्हातारीने त्याला ओळखलं. तिचे डोळे लाल होते. "आंख बळे छे," (डोळे जळतात) ती म्हणाली. झोपडीतून खोकल्याचा आवाज येत होता. "तू तो घेर गयो, भाई. अमे क्यां जईए?" (तू घरी गेलास. आम्ही कुठे जायचं?)

परतताना लोचो खाल्ला (डाळीचा वाफवलेला पदार्थ; बेढबपणात माझ्यासारखाच). भेगांना तिखट झोंबतं म्हणून सुकलाल चमच्याने खात होता. घराजवळच्या गल्लीत तो थबकला. आत माग चालू होते.

"तो जरा लंगडा ठोका ऐकलात, दाजी? माझा माग. दुसरं कोणीतरी चालवतंय."

मला नुसता गडगडाट ऐकू आला. तो मात्र डोळे मिटून उभा होता, माहेरचं नाव कानावर पडल्यासारखा.

रोज सकाळी परीक्षा. मी दरबारातल्या भालदारासारखा ललकारी द्यायचो, वहिनी साडीचं टोक ताणून धरायच्या, सुकलाल हात फिरवायचा. रोज धागा अडकायचा. चौथ्या सकाळी मी ललकारी दिली नाही. तरी अडकला.

घरी पोचल्यावर माझ्या टेरिकॉटच्या बाहीतून लोंबणारा धागा पाहून बायकोने कात्री आणली. मी हात मागे घेतला. तो धागा मी अजून कापू दिलेला नाही. येताना उधना स्टेशनात गाडी हलली, तेव्हा निरोप घेताना सुकलालचा तळवा त्याच बाहीवर होता. गाडीबरोबर चार पावलं धावत, अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असा तो ओरडला,

"मी नही धरं, दाजी! हातनी धरं!" (मी नाही धरलं, हाताने धरलं!)