मोलोकाईत शिकलेली खूण

हवाईत होनोलुलूच्या विमानतळावर छोट्या विमानांसाठी एका कोपऱ्यात वेगळी जागा आहे. तिथल्या काउंटरवरच्या बाईंनी तिकीट बघायच्या आधी मला वजनकाट्यावर उभं केलं. पाठीवरची सॅक काढू नका म्हणाल्या. विमान नऊ माणसांचं, त्यामुळे जड माणूस कुठे आणि हलका कुठे हे त्यांना आधी ठरवावं लागतं. सांता क्लारात अकरा वर्षं खुर्चीत बसून कमावलेलं माझं वजन त्यांनी चारचौघांत मोठ्याने वाचलं आणि मला मधल्या रांगेत बसवलं. माझी निळी सूटकेस विमानाच्या पोटात गेली. अर्ध्या तासाने खाली मोलोकाई बेट दिसायला लागलं: एका बाजूला थेट समुद्रात उतरलेले हिरवेगार कडे, दुसऱ्या बाजूला तांबडी माती, आणि किनाऱ्यालगत मैलोन्‌मैल पसरलेला प्रवाळाचा फिकट पट्टा.

इथे कशासाठी चाललो होतो ते सांगायला हवं. माझी बायको मुग्धा डॉक्टर. तिचं पुढचं शिक्षण मिशिगनमध्ये नोव्हायजवळच्या एका हॉस्पिटलात आणि माझी नोकरी कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला, त्यामुळे चार वर्षं आम्ही दोन घरांत राहत होतो. आमची मुलगी इरा तिच्याजवळ. मी दीड-दोन महिन्यांनी सूटकेस घेऊन जायचो, चार दिवस राहायचो आणि परत यायचो. बाकी सगळा संसार संध्याकाळच्या फोनवर. "कसं आहे?" "ठीक. तुझं?" "ठीक." शिक्षण संपल्यावर व्हिसाच्या अटीप्रमाणे तिला डॉक्टरांची टंचाई असलेल्या ठिकाणी तीन वर्षं काम करायचं होतं, आणि जागा मिळाली ती या बेटावर. त्या दोघी ऑगस्टमध्ये आल्या. मी जानेवारीत, ऑफिसकडून तीन महिने घरून काम करायची परवानगी घेऊन. पुढचं पुढे, असं आमचं ठरलं होतं, म्हणजे खरं तर काहीच ठरलं नव्हतं.

विमानतळावर त्या दोघी जुन्या पिकअप ट्रकला टेकून उभ्या होत्या. इरा सात वर्षांची. तिने "हाय बाबा" म्हणून मिठी मारली. पाहुण्यांना मारतात तशी, बेताची.

बेटावर ट्रॅफिकचा सिग्नल एकही नाही. किनाऱ्याने जाणारा मोठा रस्ता एकच. किराणा बार्जवरून (सामान वाहणारी सपाट बोट) येतो, आणि वारा जास्त झाला की बार्ज येत नाही, मग दुकानात अंडी नसतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. इथे वडीलधाऱ्या बाईला सगळे आंटी म्हणतात, पुरुषाला अंकल, ओळख असो वा नसो. चपला दाराबाहेर काढतात. पहिल्याच आठवड्यात शेजारच्यांनी तारोची पानं आणून दिली. बघतो तर आपला अळू! मुग्धाने चिंच-गूळ घालून अळूवड्या केल्या आणि त्यांच्याकडे पाठवल्या. डबा परत आला तो आणखी पानं भरूनच.

घरात मात्र मी चाचपडत होतो. मुग्धाने कपाटात माझ्यासाठी दोन कप्पे रिकामे ठेवले होते. मी कपडे लागतील तसे सूटकेसमधून काढायचो आणि धुतले की परत त्यातच ठेवायचो. सूटकेस बेडरूमच्या दाराआड उभी. आळस, दुसरं काय, असं मी स्वतःला सांगत होतो. पहिल्या सोमवारी मोठ्या उत्साहाने म्हटलं, "इरा, आज मी सोडतो शाळेत."

"नको, आई सोडते," ती दूध पिता पिता म्हणाली. "यू डोन्ट नो द वे."

अख्ख्या बेटावर एक मोठा रस्ता, आणि मला तोही माहीत नव्हता! मी हसलो, पण ते लागलं.

दुसऱ्या आठवड्यात मॅनेजरचा मेल आला. एक एप्रिलपासून प्रत्येकाने ऑफिसात हजर व्हायचं, सवलत नाही. जमत नसेल तर तसं कळवावं. मी मेल वाचला आणि लॅपटॉप बंद केला. संध्याकाळी मुग्धाने विचारलं, "ऑफिसचं काय म्हणतंय?"

"ठीक आहे," मी म्हटलं.

पाण्यात उतरायची कल्पना तिचीच. "दिवसभर स्क्रीनसमोर बसून राहशील, यार. इरा बघ माशासारखी पोहते. तू निदान बुडू नकोस." पुआ आंटी तिच्या पेशंट. पासष्टीच्या पुढच्या, आखूड पांढरे केस, बोटींचे तळ पाण्याखालून घासण्यात उभं आयुष्य गेलेलं. आता वर्षातून चार-पाच जणांना डायव्हिंग शिकवतात, आवडले तरच. मला त्यांनी खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "डॉक्टरचा नवरा ना? ठीक आहे, चल."

मी नाशिकच्या तरणतलावात पोहायला शिकलेला. समुद्र वेगळा. पहिले काही दिवस धक्क्याजवळच्या छातीभर पाण्यात गेले. पाठीवर हवेची टाकी, डोळे-नाक झाकणारी काच, तोंडात नळी, कमरेला शिशाची वजनं. नाकाला सुट्टी, श्वास तोंडाने आणि न थांबता. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं म्हणजे कानावरचा दाब जातो. हे सगळं जमलं. बोलणं खुणांनी. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ठीक आहे. हात आडवा धरून पंजा हलवायचा म्हणजे काहीतरी बिनसलंय. मग जिथे बिनसलं असेल तिथे बोट दाखवायचं. या दुसऱ्या खुणेचा आंटींनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा सराव करून घेतला. मला वाटलं, म्हातारपणी माणसं एकच गोष्ट घोकून घेतात.

जानेवारीच्या शेवटी आम्ही बोटीने प्रवाळाच्या बाहेर गेलो. दूरवर देवमाशाने पाण्याचा फवारा उडवला, बोटवाल्याने मान वळवूनही पाहिलं नाही. नांगराच्या दोराला धरून आम्ही खाली निघालो. तीन माणसांच्या उंचीइतकं खाली गेल्यावर डावा कान दुखायला लागला. फुंकलं, सुटेना. आंटींनी वर्तुळ करून विचारलं: ठीक? मी वर्तुळ करून सांगितलं: ठीक. आणखी खाली. कळ जबड्यापर्यंत आली. पुन्हा विचारलं. पुन्हा ठीक. एवढ्या लांब आलोय, बाई माझ्यासाठी खोळंबल्यात, थोडं दुखलं तर काय बिघडलं! मग कानात सुई घुसल्यासारखं झालं, समुद्र गरकन फिरला, आणि पुढचं आठवतं ते आंटींनी मनगट घट्ट धरून मला सावकाश वर आणलेलं. काच काढली तर आत नाकातलं रक्त.

"केव्हापासून दुखत होतं?" त्यांनी विचारलं.

"सुरुवातीपासून. थोडंसंच."

"मी दोनदा विचारलं. तू मला खोटं सांगितलंस." त्या ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट. "खाली मला तुझं मन दिसत नाही. तुझा हातच दिसतो."

क्लिनिकमध्ये मुग्धाने कानात बॅटरी मारून पाहिलं. पडदा लालबुंद, पण फाटला नव्हता. तीन आठवडे पाणी बंद. तिने उपकरण टेबलावर ठेवलं. "दुखत होतं तर सांगितलं का नाहीस?"

"अगं, काही नाही एवढं."

"हेच. तू हेच करतोस," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली. त्या क्षणी मेलबद्दल सांगता आलं असतं. बाहेर पेशंट बसलेत, असं कारण मी स्वतःला दिलं आणि घरी आलो.

त्या तीन आठवड्यांत एक चांगलं झालं. शाळेतून आल्यावर इरा माझ्या कानाची चौकशी करायची, आणि करायला दुसरं काही नाही म्हणून मी तिला खुणा शिकवल्या. तिला भलत्याच आवडल्या. जेवताना वरण हवं, मीठ कमी आहे, सगळं हातांनी. मुग्धा वैतागायची, मग तीही शिकली. आमच्या जेवणाच्या टेबलावर इतकं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. अर्थात त्या टेबलावर मी बसलोच किती वेळा होतो!

फेब्रुवारीतली एक संध्याकाळ. ऊन अजून होतं. बार्ज आली नव्हती म्हणून जेवायला पोई (तारोच्या कंदाची आंबूस लापशी), मासे आणि भात. मी उगाच म्हटलं, "एप्रिलमध्ये कड्यांच्या बाजूला जाऊ या का फिरायला?"

इराने हात आडवा धरून पंजा हलवला.

"काय झालं? पोई नको?"

तिने मान हलवली आणि बेडरूमकडे बोट दाखवलं. मला वाटलं पाल दिसली असेल, इथे घरोघर असतात. मी उठलो. ती माझ्यामागून आली आणि दार पुढे ओढून आडोशाला उभ्या असलेल्या सूटकेसकडे बोट केलं.

"इट्स स्टिल पॅक्ड," ती म्हणाली. "तू एप्रिलमध्ये नसणार. यू ऑलवेज गो."

रडत नव्हती. वर्गातलं उत्तर द्यावं तसं म्हणाली. टेबलाशी परत आलो, मुग्धाने सगळं ऐकलं होतं. मी मेलचं सांगितलं.

"कधी आला?"

"पाच आठवडे झाले."

तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "नोव्हायला इराला न्यूमोनिया झाला होता ना, तेव्हा मी तुला ती घरी आल्यावर सांगितलं. तीन दिवस तिला ऑक्सिजनवर ठेवलं होतं. तू रोज फोनवर विचारत होतास आणि मी ठीक म्हणत होते." "मी पण ठीक नाहीये रे. कितीतरी दिवस नाहीये. पुन्हा तसलं फोनवरचं घर मला नको."

मला राग आला, तिचा आणि माझाही. मग लाज वाटली. आणि मग, का कोण जाणे, खूप हलकं वाटलं. त्या रात्री काही ठरलं नाही. ठरायला दहा दिवस लागले आणि त्यात दोनदा भांडण झालं. नाशिकहून आई म्हणाली, "बायकोच्या नोकरीमागे तू आपली सोडणार?" तरी मी मॅनेजरला लिहिलं: जमत नाही.

मार्चमध्ये पुआ आंटींनी पुन्हा पाण्यात नेलं. तोच दोर, तीच जागा. तीन माणसांच्या उंचीवर तोच डावा कान. या वेळी मी पंजा हलवला आणि कानाकडे बोट केलं. आंटींनी मान डोलावली, मला हातभर वर आणलं आणि थांबल्या. कसलीही घाई नाही. फुंकलं. दुसऱ्यांदा फुंकलं. कानात बारीकसं चुर्र झालं आणि कळ गेली. इतकं साधं होतं ते! खाली प्रवाळाच्या कपारीत एक होनू (समुद्री कासव) पाय पोटाशी घेऊन झोपलं होतं. पिवळ्या माशांचा थवा माझ्यावरून गेला. मी तरंगत राहिलो, ना वर ना खाली, आणि कितीतरी दिवसांनी मला कुठेही जायचं नव्हतं.

डायव्ह केल्यावर दिवसभर विमानात बसता येत नाही. तो दिवस सूटकेस रिकामी करण्यात गेला. कपडे कपाटात लावले आणि सूटकेस घेऊन सांता क्लारात आठवडाभरासाठी गेलो. लॅपटॉप परत केला, अपार्टमेंट सोडलं. शेजारच्या देशपांडे काकूंनी जेवायला बोलावलं आणि पुन्हा पुन्हा विचारलं, "पण तिकडे तू करणार काय रे?" मी म्हटलं, "माहीत नाही, काकू. भीती वाटते." त्यांनी आणखी एक पोळी वाढली.

होनोलुलूला पुन्हा वजनकाटा. बेटावर उतरलो तर इरा कुंपणापलीकडून हात वर करून वर्तुळ दाखवत होती: ठीक? सवयीने माझीही बोटं जुळायला लागली होती. मी थांबलो, हात आडवा धरला, पंजा हलवला आणि छातीवर बोट ठेवलं. नोकरी नाही, पुढचं ठाऊक नाही. तिला यातलं किती कळलं असेल देव जाणे. फाटक उघडल्यावर ती आली आणि आंटी धरतात तसं तिने माझं मनगट धरलं.

घरी येऊन तिनेच सूटकेस उघडली. आत तूरडाळ, जाडे पोहे, गोडा मसाला, आणि आई हसेल एवढी हळद. चार दिवसांसाठी कुणी एवढी हळद आणत नाही. प्रवासात माणूस ठिकाणं बघतो म्हणतात; मी माझंच घर बघून आलो, तेही चार वर्षं उशिरा. इराने एकेक पुडा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, रिकामी सूटकेस खरडत खरडत मागच्या पडवीत नेली आणि हात झटकत परत आली.

"बाबा, उद्या शाळेत तू सोड," ती म्हणाली. "मी रस्ता दाखवते."

रस्ता एकच आहे. मी म्हटलं, "दाखव."