मागल्या दारचा कॅमेरा आणि पाहुण्यांचं वायफाय

आमच्याकडे नागावला पाहुणे आले की आई आधी पाणी देते आणि बाबा वायफायचा पासवर्ड. वाडीतल्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. सारखं कोणीतरी पासवर्ड विचारतं म्हणून बाबांनी तो पेंटरकडून फाटकाच्या पाटीवरच लिहून घेतला होता, ‘घरगुती मासे थाळी मिळेल’ याच्या खाली. रस्त्याने जाणाऱ्यालाही तो वाचता यायचा. त्यात काही वावगं आहे असं घरात कोणालाच वाटलं नाही. मलाही नाही, आणि मी तर कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते.

नारळ चोरीला जायचे म्हणून मागल्या दारी एक कॅमेरा होता. दुकानातल्या माणसाने तो बसवला, बाबांच्या मोबाइलवर चित्र दिसायला लागलं आणि विषय संपला.

मग आठवडाभरासाठी पुण्याचा एक तरुण आला. पडवीत लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करायचा. एका सकाळी घावने खाताना म्हणाला, “काकू, रागावू नका. मी तुमचा प्रिंटर शोधत होतो, तर माझ्या स्क्रीनवर तुमचं मागचं अंगण उघडलं. पासवर्डही विचारला नाही. मी लगेच बंद केलं.”

आई घावनांची ताटली तिथेच ठेवून उठली. मागलं दार ही तिची एकटीची जागा. न्हाऊन ती तिथे केस वाळवत बसते, साडी वर खोचून मासे साफ करते, कधी नुसतीच पाय पसरून बसते. आत आल्यावर तिने मला विचारलं, “याच्या आधी कोणी कोणी बघितलं असंल गं?” पासवर्ड तर फाटकावरच लिहिलेला होता. तिने कॅमेऱ्यावर करवंटी बांधली, तरी मासे मोरीतच साफ केले. रात्री जेवताना बाबांना म्हणाली, “कॉम्प्युटरवाले पाव्हणे आता नकोत.”

“मग येणार कोण? सगळेच घेऊन येतात.”

“मग मी माझ्याच घरात लपून बसू?”

मी घाबरत म्हटलं की पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय करता येईल. त्यांना इंटरनेट मिळेल, पण आपला कॅमेरा, प्रिंटर, कॉम्प्युटर त्यांना सापडणार नाहीत. त्यांच्या लॅपटॉपमध्ये एखादा व्हायरस असला, तरी तो सहजासहजी आपल्याकडे येणार नाही.

बाबांना ते पटलं नाही. “म्हणजे आपल्याला भात आणि पाव्हण्याला कणी?”

“भात तोच, बाबा. फक्त चुलीपाशी यायचं नाही.”

“व्हय तर,” आई म्हणाली. “पाव्हणे पडवीत बसतात, देवघरात झोपतात काय? त्यांना कधी राग आलाय?”

पुस्तकातलं नेटवर्क मला येत होतं. घरातल्या राउटरला मी कधी हात लावला नव्हता. त्याच्या सेटिंगचा पासवर्ड कंपनीकडून आला तोच होता. कॅमेऱ्याला तर नव्हताच. दोन्हींना नवे घातले, राउटर अपडेट केला, फाटकावरचा वायफायचा पासवर्ड बदलला, पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं केलं. मध्येच घरातलं इंटरनेट पूर्ण बंद पडलं. “शिकतेयस ना नीट?” बाबांनी विचारलं. मी पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.

सकाळी मी त्या पाहुण्याला नवा पासवर्ड दिला आणि कॅमेरा सापडतो का बघायला सांगितलं. आईने करवंटी सोडली आणि मागल्या दारी गेली. परत येऊन पदराला हात पुसत तिने त्याला विचारलं, “सांगा, मी काय करत होते?”

“काकू, खरंच काही दिसलं नाही.”

“खरंच न्हाय?”

“नाही. प्रिंटरसुद्धा दिसत नाही. माझं प्रिंट आता कसं निघणार?”

“माझ्या मोबाइलवर पाठवा, मी काढून देते,” मी म्हटलं.

आई हसली, पण तिचं पुरतं समाधान झालेलं नव्हतं. “आज न्हाय दिसत. उद्या दिसलं तर?” कधीच दिसणार नाही, असं मला म्हणायचं होतं. पण ते खरं नव्हतं. मी म्हटलं, “मी पासवर्ड बदलत राहीन. पण नारळ राखायचे तर कॅमेऱ्याने अंगण कशाला बघायला हवं?”

बाबांनी शिडी धरली आणि मी कॅमेऱ्याचं तोंड माडांकडे फिरवलं. बाबांच्या मोबाइलमध्ये आईने स्वतः बघितलं. माडांचे बुंधे, कुंपण, विहिरीचा कठडा. मागल्या दारची पायरी दिसत नव्हती. बाजारातून आणलेली कोळंबी घेऊन ती बाहेर गेली आणि पायरीवर बसून सोलायला लागली.