फिनेलनं धुतलेला गोठा
फिनेलचा वास आला की मला आमचा त्या दिवशीचा रिकामा गोठा आठवतो. मला सांगून आलेल्या स्थळाकडून मुलीचे वडील त्यांच्या खेड्यातून घर बघायला येणार होते. दुधाचा धंदा असलेल्या घरात हल्ली कुणी मुलगी देत नाही, म्हणून माझ्या वडिलांनी सकाळीच सगळ्या गाई शेजाऱ्याकडं नेऊन बांधल्या, गोठा फिनेलनं धुतला आणि तिथं माझी मोटरसायकल उभी केली. पोहे झाले, चहा झाला, पाहुणे खुशीत होते. पण बोलता बोलता पाच वाजले आणि शेजारून गाई हंबरायला लागल्या. वडील कप हातात धरून नुसते चुळबुळत राहिले. शेवटी पाहुणेच म्हणाले, "आवं, जावा की. धारंची येळ झाली, मुकी जनावरं किती ताटकळत ठेवणार?" वडिलांनी खालमानेनं विचारलं, "तुमी कसं वळखलं?" "माज्याबी दावणीला हायत की. समदं शेण पोरगीच काढती, म्हणून तर तिला गोठ्याच्या घरात द्यायची न्हाई." पुढं त्यांनी तिला पुण्यात दिली. आता संध्याकाळी गाई हंबरल्या की मी बादली घेऊन उठतो, आणि वाटतं, तिकडं गावी तिचे वडीलही उठले असतील, गुडघ्यावर हात टेकून, एकटेच.