ती फायनल कुणी घालवली

आमच्या माधवनगरात चार माणसं एकत्र बसली आणि पाऊसपाण्याचं बोलून झालं की कबड्डी निघते. कबड्डी निघाली की ती फायनल निघते. मग माझ्या टेलरिंगच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. बाकावर तिघं, पायरीवर दोघं, एकजण इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभा, आणि सगळे एकाच वेळी बोलणार. कुणी म्हणतं, त्या दिवशी दहा हजार पब्लिक होतं. अरे, एवढी माणसं त्या मैदानात उभी केली असती तर पोरांनी काय झाडावर कबड्डी खेळायची होती? त्या दिवशी मिरजेला सासुरवाडीत जेवत बसलेला माणूससुद्धा आता शपथेवर सांगतो की मी अगदी रेषेला लागून बसलो होतो.

रेषेला लागून मी बसलो होतो. माझी जागा ठरलेली. संघाच्या चड्ड्या मी शिवायचो. कबड्डीची चड्डी शिवणं येरागबाळ्याचं काम नाही. खेळाडू खाली बसतो, पाय फाकतो, चार जण त्याला मांडीला धरून ओढतात. दोन पायांच्या मध्ये जास्तीचा तुकडा घालून दुहेरी शिलाई मारली नाही तर सगळ्या गावासमोर अब्रू जाते. माझी एकही चड्डी कधी उसवली नाही. म्हणून मला वाटायचं की संघ अर्धा माझाच आहे. मी कप्तानाला अक्कल शिकवायचो, कुणाची पकड सुटली तर मैदानाबाहेरून शिव्या घालायचो. माझा राग सगळ्यांना ठाऊक होता, पण कुणी मनावर घ्यायचं नाही.

ही गोष्ट नव्वदनंतरची. मिल बंद पडून दोन वर्षं झाली होती. दिवसभर करायला काही नाही, अशी माणसं गल्लोगल्ली उभी असायची. संध्याकाळी मात्र तीच माणसं मैदानावर यायची, कारण आमच्या संघात एक गडी होता. चढाईला गेला की समोरचे सातही जण मागं सरकायचे. काटकुळा, काळासावळा, बोलायला एकदम मऊ. बुद्धविहाराच्या मागं त्याचं घर. बाप मिलमध्ये होता तो आता घरी बसलेला, आई दुसऱ्यांच्या शेतावर भांगलायला जायची. घरात कमावता म्हणावा असा कुणी नाही आणि हा सव्वीस वर्षांचा, एका तान्ह्या पोरीचा बाप.

त्या वर्षी आमच्याच मैदानावर सामने भरले आणि पुण्याच्या एका कारखान्याच्या संघाचे कोच बघायला आले. त्यांच्याकडं खेळाडूला कायमची नोकरी मिळायची. आमच्या कप्तानानं बातमी काढली. जागा एकच. आमचा गडी, नाहीतर समोरच्या संघाचा चढाईवाला. फायनल बघून ठरवणार. आणि पुढच्या वर्षी आमच्या गड्याचं वय नोकरीच्या नियमात बसणार नव्हतं. म्हणजे आज झालं तर झालं.

फायनलच्या दिवशी सकाळी तो दुकानात आला. चड्डीचं नाडं बदलून हवं होतं. मी सुईदोरा घेतला. तो बाकावर बसून गुडघा हलवत होता.

"भाई," तो म्हणाला, "आज न्हाई जमलं तर मग कुपवाडच बघा."

कुपवाडला एका फौंड्रीत त्याचा चुलतभाऊ रोजंदारीवर होता. तापलेल्या भट्टीपुढं बारा तास.

"गप रं. सकाळी सकाळी अभद्र बोलू नको," मी ओरडलो. "त्या पुण्यावाल्याच्या नाकावर टिच्चून तुला पाठवतो. मी हाय न्हवं?"

मी हाय न्हवं, असं मी म्हणालो होतो. माझे शब्द मला चांगले आठवतात.

मैदानावर लाईट नव्हती, म्हणून सामना उजेड असेतोवर संपवायचा होता. चार वाजल्यापासूनच माणसं एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी बसली होती. दोरी बांधली होती ती कधीच पायाखाली गेली. मुख्य पंच साताऱ्याकडचे, शाळेत मास्तर असलेले. किरकोळ अंगाचे, चष्म्याला मागून दोरी बांधलेली. त्यांनी तीन वेळा खेळ थांबवला आणि आमच्यापुढं हात जोडले.

"मंडळी, मागं सरका. रेषा पुसतायत. मला रेषा दिसू द्या."

"आवं मास्तर, तुमी निस्ती शिट्टी वाजवा!" मी ओरडलो. "रेषा बघाय आमी हाय की!"

पब्लिक खो खो हसलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मास्तर घाम पुसून परत जागेवर गेले.

त्या दिवसाबद्दल लोक फुगवून सांगतात, पण एक गोष्ट खरी. असा खेळ मी आधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही. पहिल्या डावात आमचे सातही गडी बाद होऊन आमच्यावर लोण चढला. दुसऱ्या डावात आमच्या गड्यानं एकट्यानं तो फेडला. एका चढाईत तर तो तिघांच्या अंगावरून उडी मारून आला आणि माझ्या शेजारचा म्हातारा भर गर्दीत रडायला लागला. ज्यांच्या घरात दोन वर्षं पगार आला नव्हता ती माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. शेवटची चढाई आली तेव्हा आम्ही एका गुणानं मागं होतो. चढाई आमची, आणि गेला अर्थात तोच.

त्यानं कोपऱ्यातल्याला पायानं टिपला. त्याच्या शेजारच्यानं घोटा धरला, म्हणजे तोही बाद. दोन गुण. फक्त परत यायचं होतं. तिसरा पाठीवर पडला. हा मातीत कोपरं रोवून इंच इंच पुढं. सगळ्या मैदानाला नुसता त्याचा दम ऐकू येत होता, कबड्डी कबड्डी कबड्डी. मग कसा कोण जाणे, त्यानं घोटा सोडवला, पाठीवरचा झटकून टाकला आणि उभा राहिला. माझ्यापासून तीन हातांवर. मला वाटलं, आला! मध्यरेषा माझ्यापाशीच संपत होती आणि तिथली चुन्याची फक्की आमच्याच बुडाखाली पुसून गेली होती. मला कुठली रेषा दिसणार? मला फक्त तो दिसला.

मी धावलो. त्याच्या कमरेला मिठी मारली आणि वर उचलला. त्याचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले.

त्याचं तोंड माझ्या कानाशी होतं आणि त्याचा दम अजून चालूच होता. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. तो माझ्या पाठीत बुक्क्या घालत होता. मला वाटलं, आनंदानं घालतोय. मी खुळ्यासारखा नाचत होतो, म्हणत होतो, "जितलं रं, जितलं!" त्याला "सोडा" म्हणता येत नव्हतं. एक शब्द बोलला असता तर दम तुटला असता आणि बाद झाला असता. म्हणून तो कबड्डीच म्हणत राहिला. हे मला कळलं तेव्हा आमच्या अंगावर तीस-चाळीस माणसं येऊन पडली होती. त्या ढिगात कुठंतरी त्याचा आवाज बंद झाला.

शिट्टी झाली. माणसं बाजूला केली तेव्हा मास्तर जमिनीकडं बघत होते. त्याच्या टाचेची शेवटची खूण मध्यरेषेच्या एक पाऊल अलीकडे, समोरच्यांच्याच बाजूला होती. समोरचा कप्तान तावातावानं बोलत होता, आमचा कप्तान त्याच्या अंगावर जात होता. नियमात काय लिहिलंय मला आजही ठाऊक नाही. मास्तरांनी दुसऱ्या पंचांशी बोलून घेतलं आणि हात वर केला. गडी आपल्या बाजूला परतला नाही, दम तुटला, बाद.

पुढचं सांगायला लाज वाटते. पहिलं ढेकूळ मी मारलं. "पंच फिरला! पंच फिरला!" असं ओरडणारा पहिला आवाजही माझाच. का? आपण काय करून बसलो ते पोटात कळलं होतं म्हणून. दुसरं काही कारण नाही. मग सगळं पब्लिक उठलं. मास्तरांचा चष्मा फुटला, सदरा फाटला, चार शहाण्या माणसांनी त्यांना कडं करून शाळेच्या खोलीत कोंडलं म्हणून वाचले. पुण्याचे कोच जीपमध्ये बसले आणि कुणाशी न बोलता निघून गेले. आठ-दहा दिवसांनी पत्र आलं, ते समोरच्या संघाच्या गड्याला.

तेव्हापासून ती फायनल सांगितली जाते. मैदानात पहिल्यांदा कोण घुसलं, हे कुणालाच माहीत नाही. सगळेच घुसले होते, आणि प्रत्येकाला वाटतं आपण मागून गेलो. बहुतेकांच्या मते गडी केव्हाच रेषा ओलांडून आला होता. पब्लिक नंतर आत आलं, आणि पंच विकला गेला होता. मास्तरांना सांगली भागात परत कुणी सामन्याला बोलावलं नाही. संघ दोन वर्षांत फुटला. पोरं कुणी कुपवाडला, कुणी इचलकरंजीला लागली. मैदानावर पुढं गाजर गवत माजलं.

तो कुपवाडच्या फौंड्रीत गेला. सकाळी सायकलवरून माझ्या दुकानासमोरून जायचा. हात करायचा. मी हात करायचो. सहा वर्षं हे चाललं. कितीतरी वेळा वाटलं, थांबवावं आणि सांगावं. पण सायकल पुढं गेलेली असायची आणि मी स्वतःला म्हणायचो, उद्या.

मग दशक सरता सरता एका दुपारी तो आत आला. फौंड्रीतलं काम सुटलं होतं. शिरवळला एका कारखान्यात ठेकेदाराकडं जायचं होतं, आणि पॅन्टी कमरेत सैल झाल्या होत्या. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी टेप त्याच्या कमरेभोवती घातली. सव्वीस इंच. फायनलच्या चड्डीला तीस घेतले होते. टेप हातात धरूनच मी बोललो.

"त्या दिवशी तुला पहिल्यांदा मी उचललं, गड्या."

त्यानं मान वळवलीसुद्धा नाही. "ठाऊक हाय की."

"मग इतकी वर्सं बोलला का न्हाईस? शिव्या तरी घालायच्या होत्यास! चार मुस्काटात मारायच्या होत्यास!"

"बोलून काय, भाई? पुण्याची नोकरी येणार हाय व्हय?"

"मी सांगतो सगळ्यांना. आज सांजच्याला सगळी बसली की सांगतो. त्या मास्तरावर उगंच..."

तेव्हा तो वळला. इतक्या वर्षांत त्याला चिडलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

"आवं, कशाला सांगताय? तुमचं मन हलकं हुईल, आन माझं काय? मी आता कोन हाय? भट्टीवरला एक हमाल. पन हितं चार मानसं बसली की म्हनत्यात, गडी आलता, पंचानं मारला. माझा बा त्येच्यावर जगतोय. माझी पोरगी शाळंत सांगती, माझा बा हरलाच न्हवता. तुमी खरं बोलला की लोक काय म्हनतील? त्यो एक पाऊल अलीकडंच हुता म्हनतील. एवढं एकच ऱ्हायलंय भाई माझ्याकडं. ते तरी नेऊ नगा."

मी पॅन्टी उसवल्या, आत घेतल्या, इस्त्री करून दिल्या. तो शिरवळला गेला आणि तिकडंच राहिला. बाप वारला तेव्हा एकदा आला होता. माझ्या दुकानात आला नाही.

आता ती मॅच माझ्याइतकी रंगवून कुणी सांगत नाही. नवीन पोरं मुद्दाम ऐकायला येतात. गडी रेषा कसा ओलांडून आला, हे मी उठून, चालून दाखवतो.

गेल्या महिन्यात कुणीतरी बातमी आणली की साताऱ्याकडचे ते मास्तर गेले. बरेच दिवस आजारी होते म्हणे. बाकावरचा एकजण म्हणाला, "कंचं मास्तर? आपली फायनल खाल्लेला पंच, त्योच व्हय?"

सगळे माझ्याकडं बघत होते, कारण असल्या बाबतीत माझा शब्द शेवटचा.

"व्हय," मी म्हणालो. "त्योच."