एकेचाळीस घरांच्या झेरॉक्स

सोजरा,

तुझ्यावर लिहायला बसलेच आहे, तर तुझ्या तोंडावर लिहिते. माघारी बोलायची मला सवय नाही.

नवरा गेल्यानंतरची एकोणीस वर्षं तू न्हावऱ्यात चार गाईंच्या जोरावर काढलीस. सातवीत माझ्या हाताखाली शिकलीस, तेव्हाही आकड्यांना पक्की. गाईंच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यांवरचे बारा-बारा आकडे तुला पाठ. जनावरांच्या डॉक्टरनं विचारलं, की तू न बघता सांगतेस. आणि पोटच्या दत्ताच्या आधारचे बारा आकडे? ते पृथ्वीराजला पिशवीत घालून दिलेस.

हो, पुन्हा काढतेय. काढणारच.

ग्रामपंचायतीला उभं राहायचं म्हणून पृथ्वीराजनं बायकांसाठी तुळजापूर-अक्कलकोटची फुकट बस काढली. आता निवडणुकीआधी असंच चालतं. त्याचा माणूस मल्हारी दारोदार सांगत फिरला, "विम्यासाठी आधारची झेरॉक्स लागंल." जाणार तू एकटी, पण कागद दिलेस घरातल्या सगळ्यांचे. दत्ताचा, सुनेचा, तीन वर्षांच्या नातीचासुद्धा.

"अगं, नातीचा कशाला?"

"घरटी कागद मोजत्यात, बाई. जास्ती दिलं की म्होरली सीट गावती. तुम्ही बी चला की."

"माझा देव त्या बसच्या वाटेवर नाही."

"मग येऊ नका, पर कागद तरी द्या, रूथबाई!"

दिला नाही, म्हणून आठ दिवस माझ्याशी बोलली नाहीस.

बस परत येऊन दोन महिने झाले आणि दत्ताला पोलिसांचा फोन आला. त्याच्या नावावर सात सिमकार्डं निघाली होती, आणि त्यातल्या एकावरून कुणा म्हाताऱ्याला गंडवलं होतं. पोरगं शिक्रापूरजवळच्या कारखान्यात पाच वर्षं कंत्राटी. आता कुठं कायम होणार होतं, त्यासाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला हवा होता. तो अडकला. कारखान्यानं सांगितलं, महिनाअखेर वाट बघू, मग दुसरा माणूस घेऊ.

तू माझ्या ओट्यावर येऊन बसलीस. मी आधी ओरडले. झेरॉक्स द्यायचीच तर तिच्यावर आडवं लिहायचं, कशासाठी दिली आणि कुठल्या तारखेला. शेवटचे चारच आकडे दिसणारं आधारही काढता येतं, असल्या कामाला ते पुरतं. आणि पोराबाळांचे नंबर शाळा-दवाखाना असल्या खऱ्या कामाशिवाय कुणाला द्यायचे नाहीत, मागणारा चुलता असला तरी.

"ह्ये आधी का न्हाई सांगितलं?"

सांगितलं होतं. तेव्हा तू म्होरल्या सीटवर होतीस.

आपण दोघी पृथ्वीराजकडं गेलो. तो खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "काकू, आधार म्हंजी काय सोनं हाय का? समद्यांचं समदीकडं असतंय. दत्तानंच कुठंतरी दिलं आसंल."

डेअरीपर्यंत तू तरातरा चाललीस. मग म्हणालीस, "बाई, ह्याला मी भर गावात उभा जाळते."

"जाळलंस तर तुरुंगात जाशील."

"मग उभा लाजवते."

तिथून पुढं मी तुला थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते सरकारी साइटवर बघता येतं, हे मी तुला दाखवलं आणि तू सुनेचा फोन घेऊन बसनं गेलेल्या बायकांच्या एकेचाळीस घरांत शिरलीस. ज्याचं त्याला त्याच्याच नंबरावर बघायला लावलंस. सोळा घरांत भलतीच कार्डं निघाली. त्यातल्या सुलक्षणाच्या नावावर पाच. तिनं तिथंच पृथ्वीराजच्या सात पिढ्या काढल्या.

मग देवळासमोरची त्याची सभा. बायका पुढं बसल्या होत्या, त्याला वाटलं आपल्याच. भाषण रंगात आलं आणि तू उठलीस, सरळ माईकपाशी.

"पृथ्वीराज, आधार सोनं न्हाई म्हणतोस नव्हं? मग तुझं बारा आकडं सांग हितं. मोठ्यानं. समद्या गावाला लिहून घिऊ दे."

तो हसला. "काकू, खाली बसा."

"बसते. तू सांग, की बसलेच."

"असं कुणी सांगत असतंय व्हय?"

"आमचं कसं दिलंस मग?"

मागून सुलक्षणा ओरडली, "हिच्या नातीचा बी दिलाय मेल्यानं! तीन वर्साची हाय ती!" सगळ्या बायका उठल्या. मल्हारीनं माईक बंद केला, पण माईकची गरज कुणाला होती? मी पारावर बसून सगळं बघितलं आणि मला फार बरं वाटलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं असं लिहू नये म्हणतात. लिहिते.

दुसऱ्या दिवशी गावानंच त्याला चौकीत नेलं. तिथं त्यानं जबाब दिला, सगळा गठ्ठा दौंडच्या एका मोबाइलवाल्याला दिला होता, त्यानं बदल्यात प्रचाराचे बोर्ड छापून दिले. दत्ता त्या भानगडीतून सुटला. दाखला महिनाअखेरीच्या दोन दिवस आधी हातात पडला. पृथ्वीराज निवडणुकीत पडला, आणि निकालादिवशी तू वाट वाकडी करून त्याच्या दारावरून दोनदा गाई नेल्यास.

पण सोजरा, गठ्ठा अजून दौंडलाच होता, आणि तिथं आपल्या चौकीची हद्द नव्हती. बाकीच्या घरांची नावं त्यात होती. मी दुकानदाराविरुद्ध अर्ज लिहिला, सोळा घरांची नावं घातली. गुरुवारी चौफुल्याला एसटी बदलून दौंडच्या पोलिसांत जायचं ठरलं. मला त्या माणसाला शटर ओढताना बघायचं होतं. बुधवारी तू पेढे घेऊन आलीस.

"बाई, दत्ताचं झालं की. फुडल्या गुरवारी जाऊ."

पुढल्या गुरुवारी गाय व्यायली. त्याच्या पुढल्या गुरुवारी दत्तानं शिक्रापूरला खोली घेतली आणि तू भांडी लावायला गेलीस. तुझं काम झालं होतं, पंधरा घरांचं नव्हतं. मी एकटी गेले असते, पण कागद माझा कुठं गेला होता? तक्रार करायची ती तू.

अर्ज माझ्या कपाटात आहे. सहीची आणि तारखेची जागा मोकळी आहे.